बाळू पालवणकर : गुणवत्तेची किंमत आणि तिला लागलेला विलंब

क्रीडांगणावर जात नसते, असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. चेंडू फलंदाजाचे कूळ विचारीत नाही, यष्टी उडाली की संस्थानिकालाही तंबूची वाट धरावी लागते, हे खरेच आहे. परंतु चेंडू हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत पोहोचेपर्यंतचा क्षण म्हणजे सारा खेळ नव्हे. संघात कोणाला घ्यावयाचे, सराव कोणी कोणाला द्यावयाचा, नेतृत्व कोणाकडे सोपवावयाचे, मधल्या सुट्टीत कोणी कोणाच्या पंक्तीला बसावयाचे, हे सारे खेळातच येते. आणि हे निर्णय चेंडू करीत नाही, माणसे करतात. या दोहोंतील अंतर ज्यांच्या आयुष्यावरून मोजता येते, असे भारतीय क्रिकेटमधील पहिले थोर गोलंदाज म्हणजे बाळू बाबाजी पालवणकर होत. त्यांचा खेळ पुण्यात घडला, त्यांची उपेक्षाही प्रथम पुण्यातच झाली आणि त्यांच्या सार्वजनिक जीवनातील सर्वांत महत्त्वाची सहीही त्यांनी याच शहरात केली. त्यांचे चरित्र पुणेकरांनी विशेष आस्थेने वाचावे, याला एवढे कारण पुरेसे आहे.

डावखुऱ्या मंदगती गोलंदाजीवर बाळूंनी ३३ प्रथम दर्जाच्या सामन्यांत १७९ बळी मिळविले आणि प्रत्येक बळीमागे सरासरी पंधरा धावांहून किंचित अधिक धावा दिल्या. भारतात त्या काळी असे सामने वर्षाकाठी मोजकेच होत. भारताचा पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ मध्ये झाला. तोवर बाळूंचा खेळ संपून बराच काळ लोटला होता. साहजिकच कसोटी क्रिकेटच्या नोंदवहीत त्यांचे नाव नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल पालवणकर यांनी १९४८ मध्ये आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले, म्हणून या कुटुंबाच्या अनुभवाचा तपशील उरला. आणि रामचंद्र गुहा यांनी २००२ मध्ये भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास इंग्रजीत लिहिताना बाळूंना केंद्रस्थानी ठेवले, म्हणून तो महाराष्ट्राबाहेर पोहोचला.

पालवणकरांचे घराणे मूळचे कोकणातले, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातले. बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडचा. वडील इंग्रजांच्या लष्करी सेवेत होते आणि त्या निमित्ताने हे कुटुंब पुण्याच्या लष्करी वस्तीत आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू व शिवराम हे भाऊ खेळू लागले. क्रिकेटची पहिली ओळख त्यांना कोणत्याही शाळेने वा तालमीने करून दिली नाही. छावणीच्या शेजाराने ती करून दिली.

त्या वेळचे पुणे म्हणजे वस्तुतः दोन शहरे होती. एकीकडे पेठा, दुसरीकडे लष्कर. पेठांत विद्या होती, वृत्तपत्रे होती, सभा होत्या आणि सोवळ्या-ओवळ्याचे काटेकोर नियमही होते. याच बुधवार पेठेत भिडे वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली होती आणि १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. फुले १८९० मध्ये निवर्तले. त्यानंतर दोनच वर्षांनी, वयाची विशीही न गाठलेले बाळू युरोपियनांच्या पूना क्लबात चाकरीला लागले. गोऱ्यांच्या लष्करात अस्पृश्याला समान वागणूक मिळे, असे मुळीच नाही. परंतु तेथे त्याला काम मिळे, कामाचा रोख पैसा मिळे आणि खेळपट्टीवर पाय ठेवण्यास कोणाची आडकाठी नसे. पेठेने बाळूंना एवढेही दिले नसते.

या चाकरीचा हिशेब पाहण्यासारखा आहे. प्रथम पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात बाळू महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडण्याचे व रोलर फिरविण्याचे काम करीत. १८९२ मध्ये पूना क्लबात त्यांना चार रुपये मिळू लागले. त्या चार रुपयांत खेळपट्टी तयार करणे, जाळी उभारणे, रेषा आखणे आणि गरज पडेल तेव्हा टेनिसची मैदाने आखून देणे ही सारी कामे येत. पुढे एका गोऱ्या सभासदाने त्यांना जाळीत गोलंदाजी करावयास सांगितले आणि तेथून सारे बदलले. लष्करातील एका इंग्रज डावखुऱ्या गोलंदाजाची सुबक, सहज शैली बाळूंनी नजरेने टिपली होती. तिच्यात त्यांनी स्वतःची भर घातली. दोन्ही बाजूंना वळणारा चेंडू, फसवी उंची, बदलता वेग आणि दिवसभर न ढळणारी अचूकता ही त्यांची आयुधे झाली.

भारतातील त्या वेळचे सर्वोत्तम इंग्रज फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग हे बाळूंचे रोजचे गिऱ्हाईक. इतर सभासद येण्यापूर्वी तासभर आधीच ते मैदानावर हजर होत आणि बाळूंना गोलंदाजी करावयास लावीत. बाळूंनी त्यांना बाद केले की दर वेळी ते आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असेल, तर आठ वेळा ग्रेगना बाद केले की महिन्याचा पगार निघे! आख्यायिका बाजूला ठेवली तरी व्यवहाराचे स्वरूप स्पष्ट आहे. आज ज्याला आपण प्रशिक्षक म्हणतो, त्याचेच काम हा मुलगा करीत होता. इंग्रज फलंदाजांचे पायांचे काम आणि बचाव त्याच्या हाताखाली सुधारत होते. परंतु त्याच्या नोकरीचे नाव मात्र मैदानावरचा गडी एवढेच होते.

आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. शेकडो तास जाळीत चेंडू टाकणाऱ्या बाळूंच्या हाती तेथे एकदाही कोणी फलंदाजीसाठी बॅट दिली नाही. इंग्लंडमध्येही त्या काळी फलंदाजी हा प्रायः खानदानी हौशी खेळाडूंचा प्रांत मानला जाई आणि गोलंदाजीचे कष्ट मजुरीवर खेळणाऱ्या धंदेवाईक खेळाडूंकडे असत. खेळातील ही वर्गविभागणी जहाजातून भारतात आली आणि येथील जातिविभागणीवर नेमकी बसली. घाम एकाने गाळावयाचा आणि शोभा दुसऱ्याने मिरवावयाची, ही वाटणी आमच्या समाजाला नवी वाटण्याचे कारणच नव्हते.

लष्करातील या गोलंदाजाची कीर्ती पेठांत पोहोचावयास वेळ लागला नाही. पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवावयाचे होते. त्यासाठी लागणारा गोलंदाज अर्ध्या तासाच्या चालीवर होता. फक्त त्याची जात आड येत होती. संघातील काही तेलुगू भाषिक सभासद बाळूंना घ्यावे या मताचे होते, तर स्थानिक ब्राह्मण सभासदांना ते मान्य नव्हते. अखेर बाळूंसारखा गोलंदाज दूर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, अशा आशयाचे मत ग्रेगसाहेबांनी जाहीरपणे मांडले आणि विरोध मावळला. विजयाची गरज आणि साहेबाची शिफारस या दोन्हींचे वजन पडले, तेव्हा कोठे दार किलकिले झाले. न्यायबुद्धीने ते उघडले असे म्हणता येत नाही.

दार उघडले तेही मैदानापुरतेच. मैदानावर सवर्ण क्षेत्ररक्षक बाळूंच्या हातातला चेंडू बिनदिक्कत झेलीत. कारण चेंडूला विटाळ मानला तर खेळच थांबेल. परंतु चहाची वेळ झाली की इतरांना तंबूत चिनीमातीच्या पेल्यांतून चहा मिळे आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या बोळक्यात. हातपाय धुवावयाचे झाले तर एक अस्पृश्य गडी मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन त्यांच्या हातावर पाणी घाली. जेवणाचे ताट निराळे आणि मेजही निराळे. सकाळपासून ज्याच्या गोलंदाजीवर संघ तरला, तो दुपारी एकटाच जेवत असे.

चहाच्या पेल्याला त्या काळच्या पुण्यात केवढा अर्थ होता, हे सांगावयास हवे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये झालेल्या कार्यक्रमात शहरातील कित्येक प्रतिष्ठित मंडळींसमोर चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. पुढे नावे छापून आली, सनातन्यांनी गदारोळ केला, ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद वर्षानुवर्षे शहराला पुरला. मिशनऱ्यांच्या घरच्या चहाने जेथे एवढे वादळ उठते, तेथे चर्मकाराच्या मुलाला तंबूत पेला देणे म्हणजे काय, हे त्या संघातील प्रत्येकाला नीट ठाऊक होते. म्हणूनच बोळक्यातील तो चहा ही अनवधानाने घडलेली चूक नव्हती. तो विचारपूर्वक पाळलेला नियम होता.

या पार्श्वभूमीवर पुढील घटना अधिक बोलकी वाटते. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याशी पुण्याच्या हिंदू संघाचा सामना झाला. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टी आठवडाभर रोलर फिरवून तयार ठेवली होती, असे सांगतात. तरीही बाळूंनी सात बळी घेतले आणि पुणेकर जिंकले. पुण्यात परतल्यावर झालेल्या समारंभात रानड्यांनी स्वतः बाळूंच्या गळ्यात हार घातला आणि ज्याच्याबरोबर तुम्ही खेळता त्याच्याबरोबर खाणे-पिणेही केले पाहिजे, अशा अर्थाची समज संघातील इतरांना दिली. पुढे आणखी मोठ्या सभेत टिळकांनीही त्यांचा गौरव केला. पुण्याच्या राजकारणाचे हे दोन ध्रुव क्वचितच एका मतावर येत. एका चर्मकार गोलंदाजाच्या सन्मानाबाबत ते आले. पंचहौदच्या चहाचे चटके दोघांनीही सोसले होते, हा योगायोग विसरण्यासारखा नाही.

एकोणिसावे शतक संपता संपता, प्लेगने पुण्याची घडी विस्कटली त्या काळात, बाळू मुंबईस गेले. मुंबईत त्यांना दोन आश्रय मिळाले. एक रेल्वे कंपनीतील नोकरीचा आणि तिच्या संघाचा. दुसरा परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याचा. जिमखान्यात त्यांच्या प्रवेशाला काही सभासदांनी हरकत घेतलीच. परंतु संघाच्या कर्णधाराने आग्रह धरला आणि ती मागे पडली. गिरण्या, गोद्या आणि रेल्वे यांच्या या शहरात माणसाचे काम त्याच्या जातीच्या आधी दिसे, निदान कधी कधी तरी दिसे. पेठेतील तंबूपेक्षा मुंबईच्या तंबूत बाळूंना अधिक मोकळा श्वास घेता आला.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांच्यात जो सामना झाला, तो बाळूंच्या कारकिर्दीतील मोठा टप्पा ठरला. वंगभंगाची चळवळ पेटलेली होती आणि आदल्याच वर्षी जपानने रशियाचा पराभव केल्याची वार्ता आशियाभर उमेद जागवीत होती. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ व दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. हिंदू १०९ धावांनी जिंकले आणि दोन्ही डावांत मिळून बाळूंचे बळी आठ. शिवरामही त्या संघात होते. ज्या साहेबांना पुण्याच्या जाळीत चार रुपयांवर सराव दिला, त्यांच्याच जातभाईंना बाळूंनी खुल्या मैदानात हरविले. या विजयाने हिंदू समाज आनंदला; सुधारकांनी तर अस्पृश्य खेळाडूंना संघात सामावून घेण्यातच या यशाचे मर्म आहे, असे प्रतिपादन केले.

१९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघात पारशी, हिंदू व मुसलमान खेळाडू होते. पतियाळाचे विशीही न ओलांडलेले महाराज भूपिंदरसिंग हे कर्णधार होते. त्या वर्षी लंडनमध्ये पंचम जॉर्ज यांचा राज्याभिषेक होता. महाराजांचे लक्ष क्रिकेटपेक्षा दरबारी भेटीगाठींत अधिक राहिले आणि जाताना संघातील एक उत्तम फलंदाज, जो त्यांच्या पदरी होता, त्यालाही ते बरोबर घेऊन गेले. संघ दुबळा झाला. चौदा प्रथम दर्जाच्या सामन्यांपैकी केवळ दोन जिंकले. परंतु या पडझडीत बाळूंनी खांदा दुखत असतानाही एकट्याने गोलंदाजीचा भार वाहिला. दौऱ्यातील सर्व सामन्यांत मिळून त्यांनी ११४ बळी घेतले. त्यांपैकी प्रथम दर्जाच्या सामन्यांतील ७५. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ, लेस्टरशायरविरुद्धच्या विजयात दोन डावांत मिळून अकरा. सॉमरसेटविरुद्धच्या दुसऱ्या विजयात शिवरामांनी नाबाद शतक ठोकले. म्हणजे त्या दौऱ्यातील दोन्ही विजयांवर पालवणकर बंधूंची मुद्रा आहे. कर्णधार नात्याने महाराजांना जो मान मिळाला, त्याची कमाई या दोघा भावांनी केली होती, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या समारंभातील मानपत्र विशीच्या उंबरठ्यावरील एका महाविद्यालयीन तरुणाने लिहिले होते. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. त्या वेळी सबंध देशात अस्पृश्य समाजातील सर्वांत प्रसिद्ध पुरुष बाळू हेच होते आणि त्यांच्या यशात आपल्या लोकांनी स्वाभिमानाचा आधार शोधावा, असे त्या तरुणाला वाटणे स्वाभाविक होते.

बळी मिळत गेले, मानपत्रेही मिळाली. कर्णधारपद मात्र मिळेना. १९१२ पासून मुसलमान संघ सामील झाल्यावर मुंबईची स्पर्धा चौरंगी झाली. हिंदू संघात वयाने, अनुभवाने आणि कर्तृत्वाने बाळूंच्या जवळपास येणारा कोणी नव्हता. दर वर्षी त्यांच्या नावाची चर्चा होई, वृत्तपत्रांतून पत्रे येत आणि निवड समिती दुसऱ्या कोणा सवर्णाचे नाव जाहीर करी. १९१३ मध्ये एम. डी. पै कर्णधार झाले, तेव्हा आपल्या सत्काराच्या प्रसंगी त्यांनी स्वतःच सांगून टाकले की हा मान ज्येष्ठ व अनुभवी बाळूंचा होता. पैंचे मन मोठे होते, यात शंका नाही; परंतु संस्थेचे नियम मोठ्या मनाच्या एका माणसामुळे बदलत नसतात.

१९२० ची चौरंगी स्पर्धा पुण्यात भरली. पहिल्या सामन्याच्या वेळी पै आजारी होते आणि बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. त्यांच्या माघारी नेतृत्वाचा हक्क खेळाच्या कोणत्याही निकषावर शिवराम किंवा विठ्ठल यांच्याकडे जावयास हवा होता. तो डावलला गेला. तेव्हा या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपल्यावरील अन्याय जातीमुळे होत आहे, असे जाहीर निवेदनाद्वारे सांगितले. त्याच महिन्यात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यतेचा कलंक धुऊन काढण्याचे आवाहन होणार होते. हिंदूंच्या संघाला ही नाचक्की परवडणारी नव्हती. समेट झाला, बाळू परतले, उपकर्णधार झाले, आणि पुढील सामन्यात पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, जेणेकरून संघाचे नेतृत्व बाळूंकडे यावे. पंचेचाळिशीच्या घरातील या गोलंदाजाला एवढ्यावरच समाधान मानावे लागले. संपूर्ण मानाने कर्णधारपद या घराण्यात आले ते १९२३ मध्ये, विठ्ठल यांच्याकडे. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना नमवून स्पर्धा जिंकली आणि सवर्ण प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेऊन मिरविले.

आता थोडा अर्थशास्त्राचा विचार करू. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९५७ मध्ये असा सिद्धांत मांडला की भेदभाव करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. कुशल माणसाला नाकारणारा मालक स्वतःचेच नुकसान करून घेतो आणि म्हणून खुली स्पर्धा भेदभावाला हळूहळू हटवीत जाते. बाळूंचे आयुष्य या सिद्धांताचे एक टोक उचलून धरते. त्यांना नाकारणे महाग पडत होते, म्हणूनच पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. परंतु सिद्धांताचे दुसरे टोक येथे सुटते. गोलंदाज नसला तर सामना हरतो. त्याची किंमत लगेच कळते. त्याला पंक्तीत बसविले नाही, तर धावफलकावर काय फरक पडतो? त्याला कर्णधार केले नाही, तर झालेले नुकसान दाखविणार कसे? जेथे नकाराची किंमत डोळ्यांना दिसत नव्हती, तेथे बाजाराने काही केले नाही. तेथे रानड्यांसारख्यांना बोलावे लागले, पैंसारख्यांना बाजूला व्हावे लागले आणि विठ्ठल-शिवरामांना बहिष्काराचे हत्यार उपसावे लागले. मातीच्या बोळक्यापासून कर्णधारपदापर्यंतचे हे अंतर एका घराण्याने सुमारे तीस वर्षांत कापले, आणि ज्याने चालावयास सुरुवात केली तो स्वतः अखेरच्या मुक्कामी पोहोचला नाही. उशिरा दिलेल्या मजुरीवर व्याज धरावयाचे असते. समाजाने बाळूंचे ते व्याज कधीच चुकते केले नाही.

या अनुभवातून बाळूंनी काढलेला निष्कर्ष त्यांच्या राजकारणात दिसतो. एकेक दार आतून उघडता येते, सवर्णांचे मन वळविता येते, असा त्यांचा विश्वास होता. गांधीजींच्या मार्गाकडे ते त्यातूनच झुकले. ऑगस्ट १९३२ मध्ये मॅक्डोनाल्ड यांनी अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ देऊ केले आणि त्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले. त्यानंतरच्या वाटाघाटींत एम. सी. राजा यांच्यासमवेत बाळूंनी भाग घेतला. २४ सप्टेंबरला झालेल्या पुणे करारावर आंबेडकरांच्या सहीबरोबर बाळूंचीही सही आहे. निवाड्यातील ७१ जागांऐवजी प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. स्वतंत्र मतदारसंघ मात्र गेले.

आंबेडकरांचा निष्कर्ष याच्या उलट होत गेला. १९३५ मध्ये येवल्यास त्यांनी हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला आणि पुढील वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईच्या कायदेमंडळासाठी काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध उमेदवार उभा केला तो बाळू पालवणकरांना. मानपत्राचा लेखक आणि मानपत्राचा धनी असे समोरासमोर आले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. दोन हजार वीस मतांनी बाळू हरले. काँग्रेसने त्यांचा वापर करून घेतला, असे म्हणणे सोपे आहे, आणि त्यात तथ्यांश नाही असेही नाही. परंतु अकरा हजारांहून अधिक मतदारांना त्यांचे नाव आपले वाटले, याकडे डोळेझाक करता येत नाही. आणि ज्याने स्वतः दारे उघडताना पाहिली होती, त्याने दारावर विश्वास ठेवला, यात विसंगत काही नाही. आंबेडकर त्याच आयुष्याकडे पाहून विचारीत होते की असे बळी घेण्याची कला ज्याच्यापाशी नाही, त्या सामान्य अस्पृश्याने तीस वर्षे कोणाच्या भरवशावर थांबावे? इतिहासाने या प्रश्नाला अधिक वजन दिले आहे, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. अलौकिक गुण असलेल्या एखाद्याला जे झगडून मिळते, ते साधारण गुणाच्या माणसाला हक्काने मिळणे हीच समतेची कसोटी होय.

बाळूंनी ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत देह ठेवला. अस्पृश्यता बेकायदा ठरविणाऱ्या घटनेचा अंमल तेव्हा पाच वर्षांचा झाला होता आणि अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरविणारा कायदाही संसदेने त्याच वर्षी केला.

भारतीय क्रिकेटच्या स्मरणशक्तीबद्दल मात्र प्रश्न उरतोच. आपल्या दोन जुन्या मानाच्या स्पर्धांना रणजितसिंह आणि दुलीपसिंह यांची नावे आहेत. दोघेही असामान्य फलंदाज होते; परंतु दोघेही कसोटी क्रिकेट इंग्लंडकडून खेळले. दोघेही राजघराण्यातले, दोघेही फलंदाज. १९११ मध्ये भारताच्या नावावर इंग्लंडमध्ये शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या चार रुपये पगाराच्या गोलंदाजाचे नाव त्या रांगेत नाही. ही निवड कोणी कटाने केली असे मुळीच नव्हे. जाळीत बॅट कोणाच्या हाती द्यावयाची, हे ज्या सवयीने ठरत होते, त्याच सवयीने करंडकाचे नावही ठरले.

पुणे शहराला हे ऋण थोडेफार फेडता येईल. येथील मैदानांवर रोज सकाळी शेकडो मुले शुभ्र कपड्यांत सरावाला येतात. बॅट, पॅड, हातमोजे आणि प्रशिक्षणवर्गाची फी यांचा खर्च कोणत्या घरांना झेपतो आणि कोणत्या घरांना झेपत नाही, हे त्या मैदानांवर उभे राहिले की कोणालाही दिसेल. ज्यांना झेपत नाही, त्यांतली काही मुले मैदानावर असतातही. पाणी मारावयास, रोलर ओढावयास, सीमेपलीकडे गेलेला चेंडू आणून द्यावयास. क्लबांनी आठवड्यातून एक दिवस जाळी या मुलांसाठी विनामूल्य खुली ठेवावी आणि त्यांच्या हाती चेंडूबरोबर बॅटही द्यावी. बाळू पालवणकरांचे नाव त्या दिवसाला दिले, तर ते एखाद्या करंडकावर कोरण्याहून अधिक शोभेल.